काळ्या कापडाची कंपनी कोण घेणार

साहेबांनी शेडला रंग द्यायला घेतला तेव्हाच मला शंका आली. इतकी वर्षं पत्र्यावरून गंजाचे ओघळ उतरत होते, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता एकदम पांढरा रंग, गेटपासून दारापर्यंत मुरूम आणि बायकांच्या संडासाला नवं दार. विकायची म्हैस धुऊन, शिंगांना तेल लावून बाजारात उभी करतात, हे भोरच्या मुलीला कुणी शिकवायला लागत नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांच्या शेडला त्यांनी रंग दिला, तुझं काय बिघडलं?" त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्त पडलं. मुद्दाम टाकलं नव्हतं, एवढंच सांगते.

कंपनी नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर, विंझरच्या अलीकडे. पाटीवर इंग्रजीत 'अ‍ॅडव्हान्स्ड मटेरिअल्स' असं लांबलचक काहीतरी होतं, पण सगळ्या खोऱ्यात तिचं नाव काळ्या कापडाची कंपनी. कार्बनच्या धाग्यांचं विणलेलं, राळ पाजलेलं काळं कापड मोठ्या थंड पेटीतून निघायचं. ते कापायचं, साच्यात एकावर एक थर बसवायचे, वरून प्लॅस्टिक लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि मग सगळं भट्टीत दाबाखाली शिजवायचं. बाहेर येणारी वस्तू हातात घेतली तर पुठ्ठ्यासारखी हलकी आणि वाकवायला गेलात तर लोखंडासारखी हट्टी. दवाखान्यातल्या एक्सरेच्या टेबलाचा वरचा पाट, ड्रोनचे पंख, असलं काय काय आम्ही करत होतो. राळेची कृती साहेबांची स्वतःची. ती त्यांनी पुण्याच्या घरी, मागच्या खोलीत बसून जमवली होती असं ते कौतुकाने सांगायचे.

थर बसवायचं काम बायकांचं. कामावर घेताना साहेब एकच परीक्षा घेत. पालथ्या पातेल्यावर ओलं फडकं एकही चुणी न पडता बसवून दाखवायचं. माझ्या थोरल्या जाऊबाई पहिल्याच खेपेला पास झाल्या. जुन्या लुगड्यांचे थर लावून वाकळा शिवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. तरी पातेलं वेगळं आणि साच्याचा आतला कोपरा वेगळा. कोपऱ्यात कापड ताणलं की ते खालून अधांतरी राहतं, सैल सोडलं की चुणी पडते, आणि दोन्हींतलं काही झालं तरी भट्टीतून बाहेर येते ती भंगारात टाकायची वस्तू.

ती भंगारात टाकायची की नाही हे ठरवणं माझं काम. मी भोरच्या कॉलेजातली बी.एस्सी. रुपयाचं नाणं घेऊन वस्तूवर सगळीकडे टकटक करत जायचं. थर नीट चिकटले असतील तर आवाज खणखणीत, आत हवा राहिली असेल तर बद्द. नंतर यंत्रावरही तपासायचं, पण यंत्राच्या आधी माझ्या कानाला कळलेलं असायचं. मला ते काम फार आवडायचं. सरळ सांगते, घरात माझ्या शब्दाला काही फार वजन नव्हतं. तिथे मी 'नाही' म्हटलं की वस्तू बाजूला पडायची, साहेबांनी सांगितलं तरी परत आत यायची नाही. शेड हललं तर असलं दुसरं काम थेट चाकणला, आणि रोज पुणं ओलांडून तिथे जाणं आमच्यातल्या एकीलाही जमणार नव्हतं. आम्ही सगळ्या परत चुलीपाशी आणि भातखाचरात. त्या विचाराने मला धड जेवण जात नव्हतं.

साहेबांची बायपास झाली होती, मुलं परदेशात रमलेली. विकणार हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की घेणार कोण, आणि घेऊन काय करणार.

डबा खायच्या सुट्टीत दुसरा विषयच उरला नाही. आमचे वॉचमन वरच्या धनगरवाड्यातले, वयस्कर. गेटवर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर बघून ते बातमी आणायचे. "आज गुजरातची गाडी आल्ती. समदं उचलून तिकडं न्हेत्याल, बगा." दुसऱ्या दिवशी ती गाडी भट्टीचा पंप दुरुस्त करणाऱ्याची निघाली. एकदा एक गोरा माणूस गेटवर उतरला तर कंपनी जर्मनीला गेली असं अर्ध्या तासात वेल्ह्यापर्यंत पोचलं. तो तोरण्यावर जायचा रस्ता विचारत होता. कुणी म्हणे मुंबईचं मोठं घराणं घेणार, कुणी म्हणे विमानवाले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसली गत. मी त्यांना हसायचे आणि एसटीत बसले की स्वतः तेच करायचे.

माझा हिशेब मात्र वेगळा होता. मला वाटायचं, कोण घेतंय याला महत्त्व नाही, कशासाठी घेतंय ते बघायला हवं. राळेच्या कृतीसाठी घेतली तर ती कागदावर लिहून कुठेही नेता येते. भट्टीसाठी घेतली तर ट्रेलर आणला की झालं. पण हातांसाठी घेतली तर हात इथेच आहेत, मग शेडही इथेच राहणार. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक माणसाला कळायला हवं होतं की या खोऱ्यातल्या या बायकांच्या हाताशिवाय ती वस्तू होत नाही. हे मी जाऊबाईंना दोनदा समजावून सांगितलं. त्या "व्हय, व्हय" म्हणाल्या आणि डब्यातली चटणी मला वाढली.

पहिल्यांदा आले ते मुंबईचे दोघे. त्यांनी चहा घेतला नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. सकाळपासून जाऊबाईंच्या पाठीशी उभे राहून त्यांचे हात बघत होते, तोंडातून अक्षर नाही. मग रूक्ष प्रश्न. एसटी चुकली तर बायका कशा येतात, पावसात दरड आली तर काय, लावणीला किती जणी सुट्टी घेतात. जाऊबाईंनी खरं ते सांगितलं, "लावणीला आमी कुनीच येत न्हाई." त्यांनी ते लिहून घेतलं, मान हलवली आणि गेले.

"तोंडं बगितलीस का?" जाऊबाई म्हणाल्या. "एरंडेल प्याल्यावानी. पोरगी बगाया आल्यालं पावनं च्या घ्येत न्हाईत तवाच समजायचं, नकार हाय." सगळ्यांचं तेच मत पडलं. मला ती माणसं वाईट वाटली नव्हती, पण नावडतीचं मीठ अळणी. माझं कोण ऐकणार.

दुसरा माणूस आला तो दक्षिणेतल्या एका कंपनीचा. एकटाच, चाळिशीचा, हसरा, आणि बोलायला लागला तर चक्क आपल्या मराठीत. मूळचा सोलापूरकडचा, नोकरी तिकडे. साहेबांच्या केबिनमध्ये त्याच्यासाठी हॉटेलातलं जेवण मागवलं होतं. ते सोडून तो आमच्यात येऊन बसला. मांडी घालून! जाऊबाईंनी तांदळाची भाकरी आणि पिठलं त्याच्यापुढे केलं. तो मन लावून जेवला, बोटं चाटली. बायका हरखल्या. जेवायला बसला म्हणजे निम्मं जमलंच, असं आमच्याकडे धरतात.

"पिठलं फार झकास झालंय," तो म्हणाला.

"कसलं झकास, दादा. घाईघाईत क्येल्यालं. गोड मानून घ्या," जाऊबाई म्हणाल्या.

इथपर्यंत ठीक होतं. मग तो म्हणाला, "आणि तुमचं ते कोपऱ्यातलं काम बघितलं मी. किती अवघड आहे हो ते."

"कसलं अवघाड!" जाऊबाई त्याच सुरात म्हणाल्या. "वाकळ शिवायची तसंच. त्यात काय येवडं? कुनालाबी येतंय."

माझा घास हातातच राहिला. तेवढ्यात पलीकडची म्हणाली, "म्या तर निसती बगून शिकल्ये." तिसरी म्हणाली, "चार दिस बसलं की झालं." एकीपेक्षा एक. हळदीकुंकवाला साडीची तारीफ केली की बायका 'जुनीच हाय' म्हणतात ना, तशी चढाओढ लागली होती. आणि तो हसत हसत सगळं ऐकत होता.

मी म्हटलं, "असं काही नाही. वर्ष वर्ष जातं कोपरा जमायला. मी तपासते, मला माहितीय."

जाऊबाईंनी मला कोपराने ढोसलं. मग कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "पावन्याम्होरं आपलाच मोटेपना सांगत्यात व्हय? गप बस."

"मग आमच्याकडच्या बायकांना शिकवाल का तुम्ही?" त्याने विचारलं.

"का न्हाई? घिऊन या की हितं, दावतो," जाऊबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ती भाकरी मला हिसकावून घ्यावीशी वाटली.

तो गेल्यावर मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. झालं ते सगळं सांगितलं. साहेब थकलेले दिसत होते. ते म्हणाले, "मी त्यांना हजारदा सांगितलंय की हे हात म्हणजेच कंपनी आहे. पण मी विकणारा. विकणाऱ्याचं कौतुक कोण खरं धरतं?" मग त्यांनी मला जे कळायला हवं होतं ते सांगितलं. त्या कंपनीत दोन मतं होती. काम इथल्याच बायकांच्या हातावर अवलंबून असेल तर शेड इथे चालू ठेवायचं. नसेल तर साचे, भट्टी आणि कृती उचलून आपल्या कारखान्यात न्यायची. हा माणूस पुन्हा एकदा येणार आणि त्याचं मत ते शेवटचं मत.

"मग पुढच्या वेळी त्यालाच कोपरा बसवायला लावा," मी म्हटलं. "स्वतःच्या हाताने करू दे. भट्टीतून निघालं की मी त्याच्यासमोर नाणं वाजवते."

साहेबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "लावू," ते म्हणाले.

तो येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरात भांड्यांवर राग निघत होता. नवरा टेम्पो घेऊन पुण्याला गेला की बरं वाटायचं, कारण तो 'होईल ते होईल' म्हणायचा आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. बायका मात्र निर्धास्त. जेवलेला पाहुणा उलटत नाही यावर त्यांची श्रद्धा. मी जाऊबाईंना परीक्षेचं सांगितलं होतं. बजावलं होतं, "तो करताना तुम्ही लांब उभ्या राहा. हात बांधून."

"ऱ्हाते बया, ऱ्हाते," त्या म्हणाल्या होत्या.

तो आला. साहेबांनी गोष्ट काढली तर तो खूषच झाला. रबरी मोजे चढवले, बाह्या वर केल्या. साचा लहानसाच होता, एकच आतला कोपरा. पहिला थर त्याने टाकला आणि कापड कोपऱ्यावर पुलासारखं उभं राहिलं. त्याने दाबलं तर बाजूला चुणी पडली. चुणी काढायला उचललं तर धागे तिरके झाले. मी बघत होते. आत कुठेतरी मला आनंद होत होता, खोटं कशाला बोलू. दुसरा थर, तिसरा थर. चुणीवर चुणी. त्याच्या कपाळावर घाम आला. शेडमधल्या सगळ्या बायका काम सोडून बघत होत्या, साहेब बघत होते, आणि तो माणूस लाल होत चालला होता.

एवढ्यात जाऊबाई पुढे झाल्या.

"आसं न्हवं, दादा, जरासं हितं," म्हणत त्यांनी त्याच्या हाताशेजारी हात नेला. अंगठा कोपऱ्यातून एकदा असा फिरवला की वरचे थर सैल होऊन खालच्यासकट जागच्या जागी बसले. मग दुसऱ्या बाजूने एकदा. बघणाऱ्याला वाटावं, कापडावरची धूळ झटकतायत.

"आक्का, हात काढा!" मी ओरडलेच.

"आगं म्या काय केलं? समदं त्येंनीच केलं." आणि त्याच्याकडे वळून, लहान मुलाला म्हणतात तसं, "बगा, जमलं की तुमास्नी!"

त्याचा चेहरा उजळला. त्यापुढचे सगळे थर असेच बसले. तो टाकायचा, जाऊबाई बोलता बोलता अंगठा फिरवायच्या. मी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी त्या माणसाला स्पष्ट सांगितलं, "हे त्यांनी केलंय, तुम्ही नाही." तो हसून म्हणाला, "अहो, मॅडम, मी बघितलं ना. त्यांनी नुसता हात लावला." पाहुण्याची चारचौघांत फजिती होऊ द्यायची नाही, एवढंच जाऊबाईंना कळत होतं. माझं सगळं सांगणं त्यांच्यापुढे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी तो भट्टी उघडायला मुद्दाम थांबला होता. तुकडा थंड झाल्यावर साहेबांनी माझ्यापुढे ठेवला. मी नाणं घेतलं. कडेने वाजवत कोपऱ्यावर आले. खणखणीत. पुन्हा वाजवलं. खणखणीत. एका क्षणासाठी मनात आलं, 'बद्द आहे' म्हणावं. पण यंत्र शेजारीच होतं, आणि जन्मभर जे केलं नाही ते त्या दिवशीही जमलं नाही.

"पास," मी म्हटलं.

त्याने टाळी वाजवली. बायकांनीही वाजवल्या.

निकाल यायला फार वेळ लागला नाही. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की कंपनी दक्षिणेतल्या लोकांनी घेतली, माल तिकडे बनणार, इथलं शेड पुढच्या लावणीपर्यंत रिकामं होईल. सगळ्यांचं देणं चोख मिळेल. वॉचमनमामा उठून गेटवर जाऊन उभे राहिले. नंतर मला एकटीला बोलावून साहेबांनी त्या सोलापूरकडच्या माणसाने लिहिलेलं मत वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं. 'हातकामाला विशेष कौशल्य लागत नाही, असं तिथल्या कामगारांनीच आपणहून सांगितलं आणि मी स्वतः करून खात्री केली.' असा त्याचा अर्थ. मुंबईच्या त्या दोघांचं पुढे काय झालं, हे मी विचारलं. साहेब म्हणाले, त्यांना हातच हवे होते, पण रस्त्याचा विचार करण्यात त्यांना उशीर झाला.

संध्याकाळच्या एसटीत मी आणि जाऊबाई शेजारी बसलो. गाडीत सगळी ओळखीचीच माणसं. जाऊबाई पदराने डोळे पुसत होत्या. मला त्यांच्याकडे बघवतही नव्हतं आणि त्यांचा रागही जात नव्हता.

"काय कमी पडलं गं आपलं?" त्या म्हणाल्या. "जीव लावून केलं. पावन्याला उपाशी धाडलं न्हाई. मग का आसं केलं त्येनं?"

गप्प राहायला हवं होतं असं नवरा नंतर म्हणाला. मी राहिले नाही. साहेबांनी जे वाचून दाखवलं होतं ते सगळं सांगितलं. "कुणालाही येतं, असं तुम्हीच म्हणालात. समदं त्येंनीच केलं, असंही तुम्हीच म्हणालात. त्याने तेच लिहिलं, आक्का."

त्यांनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. "पर त्यो पावना व्हता ना?"

"पाहुणा कसला? गिऱ्हाईक होता."

"गिऱ्हाईक?" जाऊबाई ताठ बसल्या. पानशेतच्या रस्त्याला रविवारी पुण्याच्या गाडीवाल्यांना घरचा तांदूळ विकताना ही बाई भावात तसूभर हलत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. "गिऱ्हाईक व्हता, तर मला कुनी सांगितलं का न्हाई?"

मी कृती सांगितली होती, भट्टी सांगितली होती, हातांचं मोल सांगितलं होतं. हे एक वाक्य सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं, ना मला, ना साहेबांना.

"गिऱ्हाइकाला म्या सांगितलं आसतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "दोन वर्सं लागली मला त्यो कोपरा बसवाया, दोन वर्सं! पयल्या साली माजं निम्मं काम हिनं फेकून दिलं, ही हितं बसलीया, इचारा हिला. कापाड गार आसतंय तवर दबत न्हाई, गरम झालं की चिकाटतंय. त्येच्या मदली येळ आंगठ्याला कळाया लागती, ती सांगून येत न्हाई का बगून येत न्हाई. किती बाया आल्या आन रडून ग्येल्या. चार दिसात शिकत्यात म्हनं! माज्यावानी कोपरा ह्या खोऱ्यात कुनी बसवत न्हाई. खोऱ्यात काय, त्याच्या त्या कारखान्यातबी न्हाई."

पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून बघायला लागली. कंडक्टर दांड्याला धरून उभा राहिला. जाऊबाई थांबल्या नाहीत. कोणत्या साच्याला किती ताण द्यायचा, कुठल्या थराला धागा कसा फिरवायचा, कुठे बोट आणि कुठे पट्टी, एकेक करून सगळं सांगत गेल्या. विंझर मागे पडलं, आमचा फाटा जवळ आला, तरी त्या बोलत होत्या. स्वतःची एवढी किंमत त्यांनी जन्मात पहिल्यांदा सांगितली, आणि ऐकायला गाडीत सगळी आमच्याच गावची माणसं होती.